नावे सारखी, माणसे निराळी : एका वाचनालयाच्या संदर्भसेवेविषयी

नांदेडच्या जुन्या वस्तीत, गोदावरीच्या घाटापासून पायी दहा मिनिटांवर एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्याचे नाव मी मुद्दामच देत नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यात कौतुकाइतकीच तक्रारही आहे, आणि वर्गणीदारांच्या व तुटपुंज्या अनुदानाच्या आधारावर चालणाऱ्या संस्थेची तक्रार तिचे नाव घेऊन चारचौघांत मांडणे मला प्रशस्त वाटत नाही. नांदेडकर वाचकांना वर्णनावरून ओळख पटलीच, तर त्यांनी ती स्वतःपाशी ठेवावी. वाचनालयाची देवघेव, मासिकांचा विभाग, बसण्याची सोय यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. ते इतरत्र असते तसेच येथेही आहे. मला लिहायचे आहे ते तिथल्या संदर्भसेवेबद्दल, आणि त्यातही नेमके सांगायचे तर सारख्या नावांच्या निरनिराळ्या माणसांना ही सेवा कशी हाताळते याबद्दल. संदर्भसेवेची खरी परीक्षा इथेच होते असे माझे मत आहे. पुस्तक शोधून देणे कोणालाही जमते. पण वाचक ज्या माणसाच्या शोधात आला आहे तो हाच की दुसरा, हे ओळखून देणे निराळे.

निमित्त घडले ते मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निबंधस्पर्धेचे. निवृत्तीनंतरही एका शाळेचे निबंध तपासून देण्याचे काम माझ्याकडे असते. नववीच्या एका मुलाने लिहिले होते की, स्वामी रामानंद तीर्थ हे प्रथम लाहोरला गणिताचे प्राध्यापक होते, नंतर त्यांनी जपान व अमेरिकेत जाऊन वेदान्तावर व्याख्याने दिली आणि मायदेशी परतून निजामाविरुद्ध लढा उभारला. अक्षर सुरेख, भाषा शुद्ध, आणि वाक्यावाक्याने पाहिले तर बहुतेक मजकूर खराही होता; फक्त तो एका माणसाचा नव्हता. लाहोरला गणित शिकवणारे आणि १९०२ मध्ये परदेशी गेलेले ते स्वामी रामतीर्थ. त्यांचा जन्म पंजाबात १८७३ चा, आणि १९०६ मध्ये टिहरीच्या परिसरात नदीच्या पात्रात त्यांचा अंत झाला. आपले स्वामी रामानंद तीर्थ, म्हणजे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, त्या वेळी जेमतेम तीन वर्षांचे होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व, सत्याग्रह, तुरुंगवास आणि पुढे लोकसभा असा त्यांचा मार्ग. १९७२ मध्ये ते निवर्तले. ज्यांच्या नावाने नांदेडला १९९४ पासून विद्यापीठ आहे आणि अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यांच्याविषयी त्यांच्याच भागातील मुलाचा असा घोटाळा व्हावा, याचे मला वाईट वाटले. मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, मोबाईलवर दोन्ही एकाखाली एक आले व्हते. मला वाटलं एकच हायेत." त्याला दोष देण्यापूर्वी आपल्या गावातले वाचनालय त्याला काय सांगू शकले असते, हे पाहावे म्हणून मी तिकडे गेलो.

दर्शनी भागात आता संगणक आहे. तीन वर्षांपूर्वी वाचनालयाची सारी दाखलनोंद त्यात चढवली गेली आणि वाचकाने स्वतः नाव टंकून पुस्तक शोधावे अशी व्यवस्था झाली. मी 'रामतीर्थ' असे लिहिले. पडद्यावर नऊ नोंदी आल्या. त्यांत चार स्वामी रामतीर्थांच्या होत्या, तीन स्वामी रामानंद तीर्थांच्या, आणि उरलेल्या दोन नांदेड जिल्ह्यातील रामतीर्थ या गावाशी संबंधित होत्या. जन्म-मृत्यूची वर्षे कोणत्याच नोंदीत नव्हती. विषयाच्या रकान्यात सातही पुस्तकांसमोर 'चरित्र' एवढेच लिहिलेले होते. नववीतला मुलगा इथे आला असता, तर मोबाईलवर झाला तोच घोटाळा अधिकृत शिक्क्यानिशी घेऊन घरी गेला असता.

मी पडद्याकडे पाहत उभा आहे हे पाहून ग्रंथपाल काका उठून आले. वाचनालयात सगळेच त्यांना काका म्हणतात. "सर, त्याला कशाला विचारायलात? तो सगळ्यायला एकाच ताटात वाढायलाय. तुम्ही खण बघा," असे म्हणून त्यांनी मला आतल्या खोलीत नेले. तिथे भिंतीला लागून सागवानी कपाट आहे, त्याला छोटे छोटे अठ्ठेचाळीस खण आहेत आणि प्रत्येक खणावर पितळी चौकटीत अक्षरे लावलेली आहेत. कार्ड-तालिका म्हणून जी पद्धत आता बहुतेक ग्रंथालयांतून रद्दीत गेली, ती इथे शाबूत आहे. काकांनी 'र' चा खण ओढला, तळातली लोखंडी सळई सैल केली आणि एक कार्ड अर्धवट वर काढून माझ्यासमोर धरले. पोस्टकार्डापेक्षा लहान, कडा पिवळ्या पडलेल्या, खालच्या बाजूला सळईसाठी भोक. वर निळ्या शाईत 'रामानंद तीर्थ, स्वामी (१९०३–१९७२)'. त्याखाली 'पूर्वाश्रमीचे नाव : खेडगीकर, व्यंकटेश'. मग पुस्तकांची यादी. आणि अगदी तळाशी लाल शाईत, दुहेरी अधोरेखित करून : 'स्वामी रामतीर्थ (१८७३–१९०६) हे नव्हेत. ते वेदान्ती, पंजाबचे. त्यांचे कार्ड मागे आहे.'

'हे नव्हेत' हे दोन शब्द मला फार आवडले. तालिकाशास्त्राच्या पुस्तकात 'पाहा' आणि 'हेही पाहा' असे दोन निर्देश सांगितलेले असतात. 'हे नव्हेत' असा निर्देश मी कुठे वाचलेला नाही. पण सारख्या नावांच्या बाबतीत वाचकाला हवा असतो तो नेमका हाच. काकांच्या आधीच्या ग्रंथपालांनी ही पद्धत सुरू केली आणि काकांनी ती पुढे चालवली. लाल शाईचे असे निर्देश किती कार्डांवर आहेत याची मोजदाद कोणी केलेली नाही. मी तीन दुपारी बसून जे चाळले त्यातले काही इथे सांगतो.

रामदासांपासूनच सुरुवात करतो, कारण हा पेच नांदेडला जितका खरा आहे तितका महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच असेल. या खणात तीन रामदास एकापाठोपाठ आहेत. पहिले समर्थ, जालना जिल्ह्यातील जांबचे, मूळ नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर, जन्म १६०८ चा. दुसरे गुरू रामदास, शिखांचे चौथे गुरू, १५३४ ते १५८१, ज्यांनी अमृतसर नगराचा पाया घातला. तिसरे भद्राचल रामदास, म्हणजे कंचर्ला गोपन्ना. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीतले तहसीलदार, ज्यांनी सरकारी वसुलीचा पैसा भद्राचलमच्या राममंदिरासाठी खर्च केला, त्यापायी गोवळकोंड्याच्या किल्ल्यात बंदिवास भोगला आणि तेलुगू भाषेला अवीट कीर्तने दिली. ज्या गावात हुजूर साहिबचा गुरुद्वारा आहे, ज्या जिल्ह्याच्या बिलोली-देगलूर-धर्माबाद पट्ट्यात घराघरांत तेलुगू बोलली जाते आणि जिथे मनाचे श्लोक पाठ असलेली माणसे गल्लोगल्ली भेटतात, तिथल्या वाचनालयात 'रामदासांचे पुस्तक द्या' असे म्हणणाऱ्याला आधी कोणते रामदास हे विचारावेच लागते. काकांनी सांगितले की ते हा प्रश्न कधी विचारत नाहीत. ते 'पुस्तक कोणत्या भाषेत हवे?' एवढेच विचारतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. संगणकाला मात्र मी 'रामदास' म्हणून पाहिले, तेव्हा त्याने ज्यांच्या वडिलांचे नाव रामदास आहे अशा लेखकांचीही पुस्तके समोर मांडली.

याहून अवघड गोष्ट 'न' च्या खणात आहे. हिंगोली जिल्ह्यातील नरसीचे संत नामदेव (१२७०–१३५०) आणि एकनाथांच्या काळातील विष्णुदास नामा, ज्याने महाभारत ओवीबद्ध केले, यांच्यात दोनअडीचशे वर्षांचे अंतर आहे. तरीही 'नामा म्हणे' ही मुद्रा दोघांची असल्यामुळे नामदेवांच्या गाथेत विष्णुदासाची रचना मिसळून गेली आणि कोणता अभंग कोणाचा हे ठरवण्यासाठी अभ्यासकांना शतकभर डोकेफोड करावी लागली. इथे माणसे तर सोडाच, त्यांचे शब्दही एकमेकांत गेले आहेत. कार्डावर लाल शाईत केवळ 'सावध' असे लिहिले आहे. हसू आले, पण याहून अचूक निर्देश मलाही सुचला नसता. त्याच खणात नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) आहेत. त्यांच्या कार्डावर कोणताही निर्देश नाही, आणि तो नको हेही बरोबरच. त्या कवितेला दुसऱ्या कोणाची समजण्याची चूक कोणी करणार नाही.

आडनावांचे खण पाहताना मात्र हसण्याऐवजी विचार करावा लागतो. देशमुख हे मुळात आडनावच नव्हे, परगण्याच्या वतनाचा हुद्दा. देशपांडे, कुलकर्णी, पाटील यांचेही तसेच. जितके परगणे तितके देशमुख. त्यामुळे या एका खणात ब्रिटिश अमदानीत सरकारी नोकरी करता करता 'प्रभाकर' पत्रातून समाजाला खडे बोल सुनावणारे गोपाळ हरी देशमुख आहेत, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव आहेत, देशाचे कृषिमंत्री झालेले पंजाबराव आहेत, दोन वेळा मुख्यमंत्री झालेले बाभळगावचे विलासराव आहेत आणि हिंगोली जिल्ह्यातील कडोळीला जन्मून चित्रकूटला जाऊन ग्रामविकासाचे काम उभे करणारे नानाजीही आहेत. यांतील कोणी कोणाचा नातलग असे लोक सहज धरून चालतात. 'नानाजी, म्हणजे विलासरावांचे चुलते का?' असा प्रश्न एका महाविद्यालयीन मुलीने माझ्यासमोर काकांना विचारला. काकांनी उत्तर न देता कार्ड दाखवले, त्यावर नानाजींचे मूळ नाव चंडिकादास अमृतराव असे होते. मराठी माणसाच्या नावात वडिलांचे नाव मधे असते हा केवळ सरकारी अर्ज भरण्याचा सोपस्कार नाही. असल्या वेळी तोच एक आधार असतो. संगणकात मात्र हे मधले नाव अनेक ठिकाणी आद्याक्षरावर आणून ठेवलेले आहे. दाखलनोंद करणाऱ्या कंत्राटदाराला नगामागे मोबदला होता, असे काका म्हणाले. कंत्राटदारालाच दोष द्यावा असे मात्र मला वाटत नाही; नमुन्यात रकाना छोटा ठेवणाऱ्यानेही विचार करायला हवा होता.

माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी जोडी 'श' च्या खणात सापडली. गोविंदभाई श्रॉफ हे नाव मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही : हैदराबाद मुक्तिलढ्यातील डाव्या विचारांचे नेते, पुढे मराठवाड्याच्या अनुशेषासाठी झगडणारे, आयुष्यभर खादी आणि साधेपणा. त्यांच्या मागच्याच कार्डावर ए. डी. श्रॉफ आहेत : मुंबईचे पारशी अर्थतज्ज्ञ, १९४४ च्या उद्योगपतींच्या 'मुंबई योजने'चे एक कर्ते, त्याच वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळातले, आणि स्वातंत्र्यानंतर खासगी उद्योगाच्या बाजूने जाहीरपणे बोलणारे. श्रॉफ म्हणजे सराफच. पैशाची पारख करणाऱ्यांचे नाव. एक पुढे पैशाच्या जगात राहिला, दुसऱ्याने त्याकडे पाठ फिरवली, आणि दोघांची पुस्तके एकाच फळीवर हातभर अंतरावर आहेत. वर्गांक मात्र निराळे आहेत आणि ते अचूक आहेत, हे मुद्दाम नमूद करतो.

काही कार्डे चटकन उलटून गेलो. दोन केतकर आहेत, ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश आणि ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी. मधले नाव आणि पहिले नाव सारखे असल्यामुळे ते बापलेक वाटतात, आणि लाल शाईने तो समज निकालात काढला आहे. तेंडुलकर तीन आहेत. नाटककार विजय सर्वांना ठाऊक. गांधीजींचे आठ खंडांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे दीनानाथ गोपाळ फार थोड्यांना ठाऊक. आणि तिसरा तो, ज्याच्यासाठी मुले येतात. काका सांगतात, की सचिनचे पुस्तक परत करायला आलेल्या एका मुलाच्या हाती त्यांनी दीनानाथरावांचा पहिला खंड ठेवून पाहिला होता. मुलाने तो दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणला.

आता संगणकाविषयी जी मुख्य तक्रार आहे ती सांगतो. दाखलनोंद देवनागरीत दिसत असली तरी शोध रोमन लिपीतल्या अक्षरांवरून चालतो. रोमनमध्ये ळ आणि ल, ण आणि न, ड आणि द यांत फरक उरत नाही, हे आपल्या सवयीचे आहे. काळे आणि काले तिथे एकच. पण याचा कडेलोट कुठे होतो ते पाहायचे असेल तर 'गोरे' लिहून पाहावे. समाजवादी नेते, लेखक आणि १९७७ नंतर ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त राहिलेले नानासाहेब गोरे यांच्या पुस्तकांत अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचे हवामानबदलावरील पुस्तक येऊन बसले आहे, कारण रोमन लिपीत दोघांच्या आडनावाचे स्पेलिंग चार अक्षरांत तंतोतंत एक आहे. 'माने' लिहिले तर भटक्या-विमुक्तांच्या चळवळीतले लक्ष्मण माने येतात आणि त्यांच्याबरोबर सेनेगलचा फुटबॉलपटू सादिओ माने, ज्याच्यावरचे मुलांचे सचित्र पुस्तक कोणीतरी भेट दिले आहे. हा विनोद म्हणून एकदा चांगला आहे. रोजच्या वापरात तो त्रासच आहे. नोंदीत जन्मवर्ष आणि व्यवसाय असे दोन रकाने वाढवले तर निम्मा घोटाळा मिटेल, असे मी सूचनावहीत लिहून आलो आहे.

अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले दिवसभर बसलेली असतात, आणि या सेवेचा सर्वांत मोठा फायदा त्यांना व्हायला हवा. त्यांच्या प्रश्नसंचांत सारख्या नावांचा सापळा हमखास असतो. चंद्रशेखर हे एकच नाव घ्या : काकोरीनंतर भूमिगत राहून १९३१ मध्ये प्रयागला वीरमरण पत्करणारे आझाद, १९८३ चे नोबेल मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन, नोव्हेंबर १९९० ते जून १९९१ या काळातले पंतप्रधान, आणि पोलिओने बारीक झालेल्या उजव्या हाताने २४२ कसोटी बळी घेणारे भागवत चंद्रशेखर. 'च' च्या खणात हे चौघे ओळीने आहेत आणि प्रत्येकाच्या कार्डावर उरलेल्या तिघांचा निर्देश आहे. मी अभ्यासिकेतल्या दोन मुलांना हा खण दाखवला. एकाने लगेच मोबाईलवर चारही कार्डांचे छायाचित्र काढले. दुसरा म्हणाला, "काका, हे आम्हाला आधी कामून नाही सांगितलं?" प्रश्न रास्त होता. आतल्या खोलीत असे काही आहे याची पाटी सुद्धा बाहेर नाही.

खणांची बाजू मी इतकी घेतली, तेव्हा त्यांचे उणेही सांगितले पाहिजे, आणि ते लहान नाही. या कपाटात बायकांची नावे नीट लागलेली नाहीत. ताराबाईंचेच पाहा. कोल्हापूरच्या महाराणी ताराबाई (१६७५–१७६१) यांचे कार्ड आहे. १८८२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या तुलनेवर निबंध लिहून खळबळ उडवणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे कार्ड नाही. त्यांचे पुस्तक केवळ पुस्तकाच्या नावाने सापडते. बोर्डी-कोसबाडला बालवाडीचे काम उभारणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) तर कुठेच नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या कार्डावर 'पाहा : टिळक, नारायण वामन' एवढेच आहे. ज्या बाईने मराठीतले एक अव्वल आत्मचरित्र लिहिले, तिच्या शोधात आलेल्याने आधी नवऱ्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. आणि त्या दारातही गर्दी आहेच, कारण तिथे लोकमान्यांचा आणि रेव्हरंड टिळकांचा फरक समजावणारा लाल शाईचा निर्देश तीन ओळींचा आहे. पुरुषांना एकमेकांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून जे कष्ट घेतले गेले, त्यांच्या चौथा हिस्सासुद्धा इथे बायकांच्या वाट्याला आलेला नाही. संगणकाने याबाबतीत मात्र खणांवर मात केली आहे : त्याला नाते कळत नाही, त्यामुळे तो लक्ष्मीबाईंना लक्ष्मीबाई म्हणूनच दाखवतो, जरी झाशीच्या राणीशेजारी बसवून.

हे मी काकांना बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. "कार्डं लिहिली तवा मी नव्हतो, पण नंतर मीच होतो की," एवढेच म्हणाले. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा 'म' च्या खणात 'मोडक, ताराबाई' असे नवे कोरे कार्ड होते. पांढरे शुभ्र असल्यामुळे ते बाजूच्या पिवळ्या कार्डांत उठून दिसत होते. खाली लाल शाईत दोन्ही ताराबाईंचे निर्देश होते आणि वर्षे तूर्त पेन्सिलीने लिहिलेली होती. दुसऱ्या कोशात पडताळल्यावर शाई फिरवू, असे त्यांनी सांगितले. लक्ष्मीबाईंचे कार्ड अजून व्हायचे आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी दोनचार व्यावहारिक गोष्टी. संदर्भ विभाग पाहायला सभासद असण्याची गरज नाही. नाव-पत्ता लिहून आत जाता येते. पुस्तक घरी न्यायचे असेल तर अनामत भरावी लागते आणि मासिक वर्गणी माफक आहे. आतल्या खोलीत एकच पंखा आहे आणि तो कपाटाकडे तोंड करून लावलेला आहे, वाचकाकडे नव्हे. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळीच जावे. गुरुवारी वाचनालय बंद असते. खणांच्या कपाटाची किल्ली काकांच्या कमरेला असते आणि ते संध्याकाळी साडेपाचच्या ठोक्याला घरी जातात. नंतर रात्री आठपर्यंत वाचनालय उघडे असते, पण तेव्हा तुमच्या वाट्याला फक्त संगणक येतो.